खालची चौकट

श्रद्धांजलीचा फलक दिसला की बाई स्कूटर थांबवायच्या. रस्त्यावर कितीही गर्दी असो. मागून हॉर्न वाजायचे, रिक्षावाले काहीबाही बोलायचे, पण बाई एक पाय खाली टेकवून फलक वाचत राहायच्या. वाचायची रीतही त्यांची स्वतःची. वरचा मोठा फोटो, त्यामागचे ढग, बाजूच्या समया यांच्याकडे आधी बघायचंच नाही. खाली 'शोकाकुल' लिहिलेलं असतं तिथून सुरुवात करायची आणि एकेक ओळ वर चढत जायचं. शेवटी त्यांचं वाक्य ठरलेलं असायचं.

"कशानं गेला ते काही लिहिलेलं नाही."

"बाई, 'अल्पशा आजाराने' लिहिलंय की," मी मागच्या सीटवरून म्हणायची.

"अल्पसा असता तर उठून बसला असता," असं म्हणून बाई स्कूटर चालू करायच्या.

बाई सांगलीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या. आमचं गाव मेढ्याच्या वर डोंगरात. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. मामा कुपवाडला एका कारखान्यात कामाला होते, म्हणून घरच्यांनी माझ्यासाठी सांगली ठरवली आणि मामींनी बाईंची मागची खोली सुचवली. खोली सहज मिळणार नाही, बाई परीक्षा घेतात, असंही मामी म्हणाल्या होत्या. मी रात्रभर बारावीची उजळणी केली. परीक्षा झाली ती माझी नाही, माझ्या वडिलांची.

बाईंच्या पुढच्या खोलीत एक जुनं चित्र लावलेलं होतं. जैन मंदिरांतून असतं तसं, जांभळाच्या झाडाचं. सहा भुकेली माणसं झाडापाशी आली आहेत. एक मुळावरच कुऱ्हाड घालतोय, दुसरा मोठी फांदी तोडतोय, तिसरा लहान फांदी, चौथा घोस ओढतोय, पाचवा नुसती फळं तोडतोय आणि सहावा खाली पडलेली जांभळं वेचतोय. माणसाच्या मनाच्या सहा पायऱ्या त्यात दाखवलेल्या असतात, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी बाईंनी वडिलांना चहा दिला आणि विचारलं, "काय चाललंय हो ह्या चित्रात?"

वडील कपबशी हातात धरून बराच वेळ बघत राहिले. 

"येकच गडी हाय," ते म्हणाले. "सहा खेपा आलाय."

"एकच?"

"त्वांड येकच हाय की सगळ्यांचं. पयल्या खेपंला कुऱ्हाड घिऊन आला. मग शाना हुत गेला. आता म्हातारपणी गप खाली बसून येचतोय."

मी मान खाली घातली. बाई मात्र उठून चित्राजवळ गेल्या, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा डोळ्यांवर आणला. आणि अशा हसल्या की शेजारच्या काकू डोकावून गेल्या.

"चूक आहे हो," त्या म्हणाल्या. "पण इतकी वर्षं हे चित्र घरात आहे, असं कुणी वाचलं नाही. खोली दिली."

पुढे मी इतिहास घेतला तेव्हा बाईंनीच मला सांगितलं की वडिलांची चूक फार जुनी आणि फार शहाणी आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर एकाच चित्रात तोच राजा दोनदा-तीनदा दिसतो. इथे निघालाय, तिथे पोचलाय, पलीकडे पश्चात्ताप करतोय. मधे रेघ नाही, चौकट नाही. बघणाऱ्याने चालत चालत गोष्ट जुळवायची. "तुझे वडील अजिंठ्याचे निघाले की गं," त्या म्हणायच्या. मी हे घरी फोनवर सांगितलं, तर वडिलांनी विचारलं, "त्ये कुठं आलं? कराडाजवळ का?"

बाईंना गोष्ट दिसत नाही असं चित्रच नव्हतं. शेजारच्या लग्नाचा अल्बम आला की नवरा-नवरीवर तळहात ठेवायच्या आणि कडेची माणसं दाखवायच्या. "ही बघ, ही रडून आलीय. हा जेवायला थांबणार नाही." वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मधे अवाढव्य नेता आणि खाली रांगेत बारके शुभेच्छुक दिसले, की म्हणायच्या, "दरबारातसुद्धा असंच काढायचे. राजा हत्तीएवढा, बाकीचे मुंग्या. फक्त ते चितारी चांगले होते." एकदा मी त्यांना मोबाइलवर मैत्रिणीची स्टोरी दाखवली आणि ती उद्या नाहीशी होणार असंही सांगितलं. बाईंनी फोन परत दिला. "गोष्ट म्हणता आणि उद्या पुसून टाकता? मग सांगितली कशाला?"

त्यांचा एक प्रश्न मी आता माझ्या वर्गात रोज विचारते. कुठलंही चित्र समोर आलं की बाई विचारायच्या, "ह्याच्या आधी काय झालं?" नंतर काय होणार, हे त्या कधीच विचारत नसत. नंतरचं सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणायच्या.

त्या घराच्या अंगणात नळाजवळची भिंत बाईंनी स्वतः ऑइलपेंटने रंगवली होती. एकावर एक तीन मोठ्या चौकटी. सगळ्यात वर पद्मासनात बसलेली जिनमूर्ती, पुढे निरांजन आणि हात जोडून बसलेला एक तरुण. मधल्या चौकटीत त्याच तरुणाला दोन बायका अलगद उचलून नेताना. त्या बायका अप्सरा होत्या म्हणे, पण साध्या सुती साड्यांतल्या आणि चांगल्या दणकट दंडांच्या. मी विचारलं तर बाई म्हणाल्या, "अप्सरा मी कुठं पाहिल्यात? आमच्या शाळेतल्या शिपाई मावशी पाहिल्यात. मैदानावर पोरगं पडलं की त्या असंच उचलून आणायच्या."

खालची चौकट मात्र पांढरी होती. नुसत्या चार रेघा, आत काही नाही.

"ही का राहिली?"

"नळाचं पाणी उडतं तिथं. रंग राहत नाही."

मला ते पटलं. तेव्हा मला सगळंच पटायचं.

तो तरुण म्हणजे बाईंचा मुलगा. त्याचा फोटो आत होता. मी राहायला गेले त्याच्या काही वर्षं आधी तो गेला होता. शिकून तो काकांच्या, म्हणजे बाईंच्या दिरांच्या, कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये लागला होता. तिथेच एक दिवस चक्कर येऊन पडला, डोक्याला मार लागला, असं गल्लीत सगळे सांगत. बाई स्वतः काहीच सांगत नसत.

ते काका दर रविवारी यायचे. बाईंचे यजमान लवकर वारले, तेव्हापासून ह्या दिरांनीच दोन्ही घरं सांभाळली होती. येताना फळं आणायचे, गॅसचा नंबर लावायचे, विजेचं बिल भरायचे, अंगणात खुर्ची टाकून बसायचे. "पोरी, अभ्यास चाललाय का? वहिनींच्या नादाला लागून चित्रं बघत फिरू नकोस," अशी माझी थट्टा करायचे. माणूस मनाने चांगला. पण खुर्ची नेहमी त्या भिंतीकडे पाठ करून ठेवायचे. हे माझ्या लक्षात यायला फार दिवस लागले.

रविवारी काका गेले की बाईंची स्कूटर निघायची आणि मागे मी. गावोगावचे वीरगळ बघायला. वीरगळ म्हणजे लढाईत किंवा गुरं वाचवताना मेलेल्या माणसासाठी गावाने उभा केलेला दगड. आमच्या गावातही देवळामागे तसे दोन होते, त्यांच्यावर आम्ही लहानपणी चिंचा फोडायचो. त्यावर चौकटी कोरलेल्या असतात आणि गोष्ट खालून वर जाते, हे मला बाईंनी शिकवलं. तळाच्या चौकटीत तो कसा मेला ते. मधे अप्सरा त्याला नेताहेत. वर तो देवापुढे बसलेला. श्रद्धांजलीचे फलक बाई खालून का वाचतात, तेही तेव्हाच कळलं.

पलूसच्या बाजूला एका गावात देवळाचा जीर्णोद्धार झाला होता. नवीन फरशी, नवीन कट्टा, सगळं चकचकीत. तिथला वीरगळ कट्ट्याच्या सिमेंटमध्ये बसवला होता. सरळ, नीटनेटका, पण कमरेपर्यंत गाडलेला. अप्सरा दिसत होत्या, देव दिसत होता. तळाची चौकट सिमेंटखाली गेली होती.

बाई कट्ट्यावर बसल्या आणि दगडावरून हात फिरवत राहिल्या. कुणीतरी कधीतरी त्याला चंदेरी ऑइलपेंट दिला होता आणि जत्रेला वरून चुना मारला होता. बाईंनी नखाने टोकरलं, तर चुन्याचा पापुद्रा अख्खा हातात आला.

"बघ," त्या म्हणाल्या, "ऑइलपेंटवर चुना कधी धरत नाही. आधी पॉलिशपेपरने खरखरीत घासावं लागतं. एवढे कष्ट कुणी घेत नाही, म्हणून आपल्याला काहीबाही बघायला मिळतं."

एवढ्यात देवस्थान कमिटीतले एक आप्पा आले. बाईंनी त्यांना सांगितलं की खालचं चित्र सिमेंटखाली गेलंय, ते मोकळं करून द्या.

"आवं बाई, आत्ता फरशी बसलीया. ती फोडायची व्हय?"

"एवढ्यापुरती फोडा. खर्च मी देते."

"पर खालचं कशाला पायजे तुमास्नी? मारामारी आसंल न्हाईतर वाघ आसंल. वरचं देवाचं दिसतंय की चांगलं."

"आप्पा, देवाचं सगळ्यांचं सारखंच असतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम चढला होता. "दहा गावचे दगड बघा. वर तोच देव, मधे त्याच बाया. खालचं तेवढं त्याचं एकट्याचं असतं. ते झाकलंत तर हा दगड कुणाचाही होईल."

आप्पा गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. "बाईंचं कोन हुतं का ह्येच्यात?" त्यांनी मला हळूच विचारलं.

परतताना दोन्हीकडे ऊस होता आणि पुढे उसाची ट्रॉली रस्ता अडवून रखडत चालली होती. बाई तिच्या मागे मागे सावकाश चालवत होत्या. आप्पांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. आणि मला ती पांढरी चौकट आठवली. ती नळापासून हातभर लांब होती. ऑइलपेंटला पाण्याने काय होणार होतं?

"बाई," मी म्हटलं, "दादा कशानं गेले?"

स्कूटर थांबली. ट्रॉली पुढे निघून गेली. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. हँडल तसंच धरून, समोर बघत त्यांनी सांगितलं.

वर्कशॉपमध्ये जड साचे उचलायची एक साखळी होती, पुलीवरून फिरणारी. तिची एक कडी झिजली होती. मुलाने घरी जेवताना दोनदा-तीनदा ते सांगितलं होतं. काकांनाही सांगितलं होतं. काका म्हणाले होते, ही ऑर्डर जाऊ दे, मग बदलू. ऑर्डर जायच्या आधी कडी तुटली. मुलगा खाली उभा होता.

"दीर माझ्या पायाशी बसून रडले," बाई म्हणाल्या. "म्हणाले, वहिनी, बाहेर कळलं तर वर्कशॉप बंद पडेल. कामगारांची घरं आहेत. माझ्या दोन्ही पोरींची लग्नं व्हायचीत. चक्कर येऊन पडला म्हणू या. तो काय आता परत येणारे?"

"मग?"

"मग काय. मी हो म्हणून मान हलवली."

 एक पोरगा सायकलवरून जाताना "पेट्रोल संपलं का ओ मावशी?" असं ओरडून गेला. बाई हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या.

"भेटायला सगळे आले. देवाघरी गेला म्हणाले. सुटला म्हणाले. चक्कर कशी आली, आधी काय खाल्लं होतं, एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही. विचारलं असतं ना पोरी, तर मला खोटं बोलता आलं नसतं. मी वाट बघत होते गं, कुणीतरी विचारेल म्हणून."

पुढच्या आठवड्यात बाईंनी ऑइलपेंटचे डबे आणले. पाट टाकून नळाजवळ बसायच्या, गुडघे दुखायचे म्हणून मधेच भिंतीला धरून उठायच्या. मी ब्रश धुऊन द्यायची. त्यांनी वर्कशॉप काढलं नाही, यंत्रं काढली नाहीत. एक साखळी काढली, चौकटीच्या वरच्या कडेपासून खाली येणारी, आणि तिची एक कडी उघडलेली. खाली तो उभा होता, हातमोजे घातलेला, वर बघत. चेहऱ्यावर भीती नव्हती. नेहमी सांगत होतो ते आज खरं होतंय की काय, असं बघत होता. बाजूला पाठमोरा एक माणूस. बस, एवढंच.

"पाठमोरे का?" मी विचारलं.

"त्यांचा चेहरा काढला तर ती त्यांची गोष्ट होईल. ही माझ्या लेकाची आहे."

रविवारी काका आले. हातात पपई होती. खुर्ची नेहमीसारखी ठेवायला गेले आणि थांबले.

"वहिनी, हे काय?"

"बघा की. खालून वाचायचं असतं."

"लोक येतात घरात."

"येऊ देत."

"माझ्या जावयाकडची माणसं येतात, वहिनी! इतकी वर्षं मी काय कमी केलं तुमचं? सख्खा भाऊ करणार नाही एवढं केलं."

"केलंत," बाई म्हणाल्या. "मी कुठं नाही म्हणते? तुम्ही होतात म्हणून मी जगले. पण तो कशानं मेला हे मी माझ्या घराच्या भिंतीवर पण लिहायचं नाही का?"

"पुसा ते. मी हात जोडतो."

"मला नाही पुसता येणार. तुम्हीच पुसा." बाईंनी पांढऱ्या रंगाचा डबा पायाने त्यांच्याकडे सरकवला.

काकांनी ब्रश उचलला. भिंतीसमोर उकिडवे बसले. चित्रातला पाठमोरा माणूस आणि काकांची पाठ, दोन्ही मला एकदम दिसत होत्या. वडिलांनी सांगितलेलं आठवलं, येकच गडी हाय. किती वेळ बसले कुणास ठाऊक. मग ब्रश डब्यावर आडवा ठेवून ते उठले आणि निघून गेले. पपई खुर्चीवरच राहिली. त्यानंतर बाई असेपर्यंत काका त्या घरी आले नाहीत. फळं मात्र यायची, कामगाराच्या हाती. बाई ती धुऊन, कापून मला द्यायच्या आणि स्वतः एक फोड खायच्या. 

गल्लीतली माणसं अंगणात येऊन भिंत बघायची आणि लवकर निघून जायची. एकदा एक शेजारीण पोराला घेऊन आली. पोराने विचारलं, "हा दादा वर का बघतोय?" आईने त्याला दटावलं. बाई मात्र पाटावर बसल्या, त्याला जवळ घेतलं आणि सगळं सांगितलं. साखळीचं, कडीचं, ऑर्डरचं. पोरगं ऐकून म्हणालं, "मग साखळी बदलायची ना!"

"हो रे राजा," बाई म्हणाल्या. "एवढंच होतं."

माझी पदवी झाली तेव्हा वडील पेढे घेऊन आले. बाईंनी त्यांना अंगणात नेलं.  वडिलांनी टोपी काढून हातात धरली आणि भिंतीसमोर उभे राहिले. जाताना एवढंच म्हणाले, "बाई, कवाबी या आमच्याकडं. आमच्या दगडांवरची चिंचांची टरफलं काढून ठिवतो." बाईंचं यायचं राहून गेलं.

मी मेढ्याजवळच्या शाळेत शिकवायला लागले. फोन व्हायचा. पुढच्या हिवाळ्यात बाईंना न्यूमोनिया झाला, दोन्ही फुप्फुसांत पसरला आणि शेवटी श्वास पुरला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण चौकातल्या फलकावर ते नव्हतं. फलकावर ढग होते, समया होत्या, आणि 'अल्पशा आजाराने'. मी एसटीतून उतरून तो खालून वर वाचला. थांबायला स्कूटर नव्हती, तरी मागून हॉर्न वाजतील असं वाटत राहिलं.

घरी गेले तर भिंत पांढरी होती. माणसं भेटायला येणार म्हणून काकांनी घाईने चुना मारून घेतला होता. तिन्ही चौकटींवर, देवासकट. त्या पांढऱ्या भिंतीपुढे खुर्च्या मांडल्या होत्या आणि माणसं सांगत होती, देवाघरी गेल्या, सुटल्या.  मी नुसती नळावर गेले आणि कुणी विचारू नये म्हणून तोंड धूत राहिले.

पुन्हा जाणं झालं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत. माझी पुस्तकांची एक पेटी तिथे राहिली होती. पुढच्या खोल्यांत आता भाडेकरू होते. त्यांची दोन लहान पोरं नळाखाली आंघोळीला बसून एकमेकांवर तांबे ओतत होती. आणि काका अंगणात उभे होते, भिंतीकडे तोंड करून.

वरच्या दोन्ही चौकटींवरचा चुना अजून होता. खाली, पोरांचं पाणी पोचत होतं तिथे, तो पापुद्र्यांनी सुटला होता. हातमोजे दिसत होते. वर बघणारे डोळे दिसत होते. उघडी कडी तर ताज्या रंगासारखी चमकत होती.

"तिसऱ्यांदा मारून घेतला चुना," काका म्हणाले. फार म्हातारे दिसत होते ते. "धरतच नाही. सुटतो तोही खालूनच." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू वहिनींच्या हाताखाली शिकलीस. ह्याला काय करायचं, तुला ठाऊक असेल."

मला ठाऊक होतं. पॉलिशपेपर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो.

"नाही काका," मी म्हटलं. "ह्याला काही करता येत नाही."

पोरांनी आणखी एक तांब्या ओतला. काका भिंतीकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी हो म्हणून मान हलवली.